शेवटच्या ओळीतलं नाव

गुडघा बदलून घेतल्यावर सात आठवड्यांनी लाहेला केकाहुना कामावर आली. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन. हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर जमिनीतली भट्टी अजून झाकलेली होती आणि ओल्या गोणपाटांच्या कडांमधून वाफ निघत होती. डुक्कर सकाळी सातला पुरलं होतं, साडेपाचला पाहुण्यांसमोर उकरायचं होतं. तोवर तिथे एका कोंबड्याशिवाय कुणी नव्हतं. तो गरम मातीवर पाय शेकत उभा होता, आणि हवाईतल्या काउआई बेटावरच्या कुठल्याही कोंबड्यासारखा तो कुणाच्याच मालकीचा नव्हता.

लाहेलाच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला इपू. इपू म्हणजे एकावर एक बसवलेले दोन भोपळे. खालचा मोठा, वरचा लहान. तळहाताने थाप मारली की घुमतो, जमिनीवर आपटला की छातीत ऐकू येतो. हा इपू तिच्या आजीचा होता. एकोणीस वर्षं तो आठवड्यातून चार संध्याकाळी या हॉटेलात वाजत होता.

स्टेजमागच्या मांडवात तासी आपल्या नाचाच्या पात्याच्या टोकांना टॉवेलच्या पट्ट्या बांधत बसला होता. संध्याकाळी त्याच पट्ट्या पेटवून तो पातं गरगरा फिरवायचा. हा सामोआचा माणूस, पण माईकवर त्याला रोज 'प्राचीन हवाईचा योद्धा' म्हणून पुकारलं जाई.

"आंटी! बघू नवा गुडघा. गॅरंटी किती वर्षांची?"

"तुझ्या दातांपेक्षा जास्त आहे. आणि पातं तोंडात धरणं सोड, म्हातारा झालास."

"मी म्हातारा? काल एक पाहुणी मला विचारत होती, तुमच्या हवाईत सगळेच असे धिप्पाड असतात का. मी म्हटलं हो. माझी आजी तिकडे कपाळ बडवून घेत असेल." तो हसला, मग पट्टी बांधता बांधता थांबला. "नोहेआ भेटली का तुम्हाला?"

"नाही. का?"

"मग मी काही बोलत नाही. मला जेवणाची वेळ होईपर्यंत जिवंत राहायचंय."

नोहेआ आरशासमोर केसांत फुलं खोवत होती. सव्वीस वर्षांची, नाचणाऱ्या बाराजणींत पुढची. सकाळी याच हॉटेलात न्याहारीची ताटं उचलायची, संध्याकाळी नाचायची, आणि मधल्या वेळात चार वर्षांच्या मुलीला शाळेतून आणायची. लाहेलाला पाहून ती उठली, नाकाला नाक लावून भेटली, आणि लगेच नजर चुकवली.

"काय झालं?"

नोहेआने खण उघडला आणि आतून कार्डांचा एक गठ्ठा काढून दिला. पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं, त्यांवर जाड काळ्या पेनाने लिहिलेलं. लाहेलाने चष्मा लावला. पहिल्यावर होतं, ब्रेंडा आणि गॅरी, लग्नाला पस्तीस वर्षं. दुसऱ्यावर, टायलर, वकील झाल्याबद्दल. तिसऱ्यावर फक्त मोची.

"हा मोची कोण?"

"कुत्रा," नोहेआ म्हणाली. "त्याला विमानातून आणता आलं नाही, म्हणून त्याचं नाव तरी घ्या म्हणाले."

"कुठे घ्या म्हणाले?"

"आंटी, शेवटी. तुमच्या गाण्याच्या शेवटी."

लाहेला खुर्चीवर बसली. गुडघ्यामुळे तिला सावकाश बसावं लागलं.

ते गाणं नावाचं गाणं होतं. असं गाणं कुणासाठी तरीच बांधलेलं असतं. ते माणूस गेलं तरी गाणं त्याचंच राहतं, आणि ज्या घराकडे ते वारशाने येतं त्या घराने ते सांभाळायचं असतं. गाताना कितीही कडवी गा, शेवटी ते कुणाचं आहे हे मोठ्याने पुकारून सांगावं लागतं: 'हे इनोआ नो', म्हणजे हे नाव अमक्याचं, आणि पुढे ते नाव. नाव पुकारलं की गाणं पुरं होतं. त्याआधी नाही.

लाहेलाचं गाणं तिच्या आजीच्या आजीचं होतं. राजे होते त्या काळातली गोष्ट. लोकांसमोर नाचायचं तर सरकारी परवाना लागे, आणि परवाना फक्त मोठ्या गावात मिळे. या बाईने तो काढला नाही. अळूच्या वाफ्यात, गुडघाभर चिखलात, कापणीला आलेल्या बायांसमोर ती नाचली. कुणीतरी चुगली केली. तिला न्यायाधीशापुढे उभं केलं, आणि त्याने विचारलं, परवान्यावाचून कोण नाचलं? तिने मान खाली घातली नाही. नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आईच्या आईचं सांगितलं, आणि अशी एकवीस नावं सांगेपर्यंत ती थांबली नाही. लिहिणाऱ्याची शाई संपली, असं घरात सांगत. दंड भरून परत आली तेव्हा वाफ्यातल्या बायांनी तिच्यावर हे गाणं बांधलं होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच प्रश्न होता: परवान्यावाचून कोण नाचलं? उत्तर शेवटच्या हाकेत होतं.

लाहेलाची आजी, सगळ्यांची टूटू, हे गाणं शिकवताना एकच बजावायची. "खाणाऱ्या तोंडांसमोर तिचं नाव घ्यायचं नाही. घास आणि नाव एका तोंडात नको."

म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी हॉटेलने 'काहीतरी जुनं' मागितलं तेव्हा लाहेलाने गाणं दिलं आणि नाव मागे ठेवलं. समोर चारशे माणसं डुकराचं मांस खात असणार होती. शेवटच्या हाकेत तिने मुलींना नुसतं 'त्या बाईचं' म्हणायला शिकवलं. हे नाव त्या बाईचं. त्या वेळी तिला हा शहाणपणाचा मार्ग वाटला होता.

"तुला काय सांगितलं डेनने?"

"म्हणाला, ती ओळ मोकळीच आहे. तिथे कुणाचं नाव नाहीच." नोहेआचा आवाज उतरला. "आंटी, मला खरंच वाटलं की ते तसंच असतं. चार वर्षं नाचतेय मी त्यावर. ती बाई कोण, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही आम्हाला."

ते खरं होतं.

"आजचं कार्ड कुठे आहे?"

नोहेआने आरशाच्या कडेला खोचलेलं कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं, ब्राइटहार्बर परिवार.

"ही कुठली बाई?"

"विमा कंपनी," मागून तासी म्हणाला. तो पातं खांद्यावर टाकून दारात येऊन उभा होता. "तीनशे दहा माणसं, सगळी पिवळ्या शर्टांत. आज आख्खी हिरवळ त्यांचीच आहे."

लाहेलाने कार्ड दोनदा वाचलं. मग तिने त्या दोघांना सगळं सांगितलं: परवाना, अळूचा वाफा, न्यायाधीश, एकवीस नावं. फक्त त्या बाईचं नाव सांगितलं नाही. टूटूची भीती अजून जिभेवर बसलेली होती.

"म्हणजे," नोहेआ हळू म्हणाली, "आम्ही रोज विचारतो, परवान्यावाचून कोण नाचलं? आणि आज मी ओरडून सांगणार, ब्राइटहार्बर विमा कंपनी."

"आणि मागच्या शनिवारी कुत्रा," तासी म्हणाला. "आंटी, मी काय म्हणतो, नाव त्यांचं असेल तर दंडही त्यांच्याकडूनच घेऊ या. दीडशे वर्षांचं व्याज धरून."

नोहेआ फसकन हसली आणि मग तोंडावर हात धरून रडायला लागली. लाहेला उठली, काठी घेतली, आणि डेनकडे निघाली.

डेन हिगा कार्यक्रमाचा मॅनेजरही होता आणि निवेदकही. त्याचं घर अनाहोला गावात लाहेलाच्या घरापासून चार घरं सोडून. लहानपणी तो तिच्या ओट्यावर बसून पोईच्या, म्हणजे कुटलेल्या अळकुड्यांच्या, वाडग्यात बोटं बुडवून खायचा, आणि तिच्या वर्गात दोन वर्षं नाचायलाही शिकला होता. आता तो स्टेजच्या बाजूला उभं राहून कानावरचा माईक नीट करत होता. शर्टावर मोठमोठी जास्वंदीची फुलं होती.

"आंटी! किती बरं वाटलं बघून. बसा ना."

"नको, उठायला वेळ लागतो." तिने कार्ड त्याच्यापुढे धरलं. "हे काय आहे?"

डेनने श्वास सोडला. "मी सांगणारच होतो. तुम्ही बऱ्या झाल्यावर."

"झाले. सांग."

"आंटी, हॉटेलवाल्यांना हा कार्यक्रम बंद करायचाय. उन्हाळ्यापासून चाललंय त्यांचं. बाराजणींना काढा, एक डीजे आणा, झालं. मी त्यांना म्हटलं, थांबा, पाहुण्यांना काहीतरी वेगळं देऊ. आपल्या नावाने हाक ऐकली की माणसं वेडी होतात, आंटी. रडतात. ती ब्रेंडा ढसाढसा रडली."

"रडेलच. पण गाणं तिचं नाही."

"ती ओळ मोकळी होती. तुम्हीच ठेवली होती."

"मी झाकून ठेवली होती. मोकळी आणि झाकलेली यातला फरक कळायला तू माझ्याकडे दोन वर्षं होतास."

"तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो."

"मग कंपनीसाठी मी नवं बांधून देते," लाहेला म्हणाली. "आत्ता. अर्धा तास दे. विम्यावर चार कडवी. समुद्र, बंदर, दिवा, जे हवं ते घालते. शेवटी त्यांचं नाव दहा वेळा पुकारते. ते गाणं खरंच त्यांचं असेल, घरी घेऊन जाऊ देत."

डेनने मान हलवली. "त्यांच्या पत्रिकेत छापलंय, दीडशे वर्षांचं गाणं. त्यांना जुनंच हवंय."

"जुनं कशामुळे झालं ते? तिच्यामुळे. तिला काढलं तर उरलं काय?"

"आंटी." आता त्याच्या आवाजातला ओटा आणि पोईचा वाडगा गेला. "माझ्याकडे तुमचं रेकॉर्डिंग आहे. सात आठवडे तेच लावतोय, कुणाची तक्रार नाही. तुम्ही वाजवणार असाल तर शेवटी नोहेआ कार्डावरचं नाव घेईल. नाहीतर आज बसा, आराम करा, मी रेकॉर्डिंग लावतो. काय ते आत्ताच सांगा."

"मी वाजवते."

"आणि शेवट?"

"शेवट गाण्याचा जसा आहे तसाच होईल."

डेनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्याला हवा होता तो अर्थ घेतला. "थँक यू, आंटी," तो म्हणाला आणि आवाजाची तपासणी करायला निघून गेला.

मांडवात परत आल्यावर लाहेलाने कार्ड पुन्हा आरशाच्या कडेला खोचलं.

"वाचू?" नोहेआने विचारलं.

"तुझ्या पदरात पोर आहे. वाच म्हणूनही सांगत नाही, वाचू नको म्हणूनही नाही. हे माझ्या घरचं आहे आणि चूकही माझीच आहे. तू नाच."

साडेपाचला भट्टी उकरली. दोघा माणसांनी गोणपाट बाजूला केलं, केळीच्या सोपटांचा थर काढला, आणि वाफेचा लोट उठला तेव्हा पिवळ्या शर्टांतली तीनशे दहा माणसं एकदम फोन वर धरून उभी राहिली. मग ताटं भरली गेली. डुकराचं मांस, रताळी, मीठ लावलेला मासा, अळकुड्यांची जांभळी पोई. सूर्य डोंगरामागे गेला, मशाली लागल्या, आणि डेन स्टेजवर आला.

त्याचं काम त्याला चांगलं येत होतं, हे लाहेला नेहमीच मान्य करायची. पहिल्या पाच मिनिटांत तो गर्दीला एक सवय लावायचा. "मी म्हणेन ते तुम्ही म्हणायचं! आणि एवढ्या मोठ्याने, की पलीकडच्या बेटावर ऐकू जाईल! अलो... हा!"

"अलो... हा!" तीनशे दहा तोंडांनी म्हटलं.

"हे काय, विम्याचा हप्ता मागतोय का मी? मोठ्याने!"

माणसं हसली आणि ओरडली. डेन म्हणेल ते प्रत्येक वेळी परत ओरडायचं, एवढं त्यांना पक्कं समजलं. पहिला नाच झाला, दुसरा झाला. प्रत्येक नाचाच्या शेवटी डेन काहीतरी ओरडे आणि हिरवळ ते परत करी.

तिसरा लाहेलाचा होता.

एरवी ती गुडघे टेकून बसायची. आज तिच्यासाठी स्टेजच्या कडेला एक बुटका स्टूल ठेवला होता. ती त्यावर बसली, इपू मांडीशी घेतला, आणि समोर पाहिलं. पहिल्याच टेबलावर कंपनीची प्रमुख बसली होती, उंच, पांढरे केस, तिचाही शर्ट पिवळाच. तिच्या शेजारचा माणूस रताळं सोलत होता. सगळी जेवत होती. टूटू म्हणाली होती ती खाणारी तोंडं हीच.

तिने इपू जमिनीवर आपटला आणि दोन थापा मारल्या. बाराजणी पुढे सरकल्या.

"वाफ्यातल्या पाण्यात ढग उतरला," ती म्हणू लागली, आणि सात आठवडे न वापरलेला आवाज पहिल्या ओळीला खरखरला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. "अळूच्या पानावर थेंब थरथरला. पाय कुणाचे चिखलात रंगले? परवान्यावाचून कोण नाचलं?"

बारा पाय एकदम उठले आणि पडले. दुसरं कडवं चुगलीचं होतं, तिसरं वाटेचं, चौथं न्यायाधीशाचं. ही कडवी ती एकोणीस वर्षं म्हणत आली होती, पण आज प्रत्येक वेळी प्रश्न आला की तो तिला स्वतःला विचारल्यासारखा ऐकू येत होता. मोठ्या टेबलामागून साहेबाने विचारलं. कोण नाचलं? त्या बाईने एकवीस नावं सांगितली होती. आणि आपण काय सांगत आलो? एक बाई.

पाचवं कडवं संपलं. शेवटची ओळ आली: विचारलंत, तर ऐका. बाराजणी थांबल्या, हात पुढे, मान वर. नोहेआने हाकेसाठी श्वास घेतला.

लाहेलाने इपूवरचा हात उचलून तिच्याकडे तळवा केला. थांब.

नोहेआ थांबली. बाजूला उभ्या डेनला कळायला एक क्षण लागला. मग त्याने आवाजाच्या टेबलाकडे बघून गळ्यावरून हात फिरवला.

"हे इनोआ नो," लाहेला म्हणाली आणि त्याच क्षणी तिच्यासमोरचा माईक बंद पडला. पण या गळ्याला टूटूने समुद्राकडे तोंड करून, लाटांवरून आवाज पलीकडे जाईपर्यंत शिकवलं होतं. "कावेना-उला!"

मग सवयीने, डेनने लावलेल्या सवयीने, तीनशे दहा माणसं ओरडली:

"कावेनुला!"

कुणाच्या तोंडात मांस होतं, कुणाच्या तोंडात रताळं. नाव घासातून बाहेर आलं, लगदा होऊन. नेमकं हेच होऊ नये म्हणून लाहेलाने ते एकोणीस वर्षं दाबून ठेवलं होतं.

ती स्टुलावरून उठली. काठी तशीच पडून राहिली. नव्या गुडघ्यातून कळ गेली आणि ती उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. माईक नव्हता, पण आता कुणी बोलतही नव्हतं. "असं नाही. आधी हातातले काटे-चमचे खाली ठेवा."

काही जण हसले. हाही कार्यक्रमाचा भाग असणार असं त्यांना वाटलं.

"काटे खाली. हो, तुम्हीही. तोंडातला घास गिळा. पाणी प्यायचं असेल तर प्या. मी थांबते."

ती खरंच थांबली. काटे ठेवल्याचे आवाज आले, आधी पुढच्या टेबलांवर, मग मागे. पांढऱ्या केसांच्या बाईने घास गिळला आणि रुमालाने ओठ पुसले. रताळंवाल्याने रताळं ठेवलं. स्टेजच्या बाजूला डेन दात आवळून हातवारे करत होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"हे गाणं एका बाईचं आहे," लाहेला म्हणाली. "परवाना न काढता नाचली म्हणून तिला पकडलं होतं. नाव विचारलं तेव्हा तिने मोठ्याने सांगितलं. इथे एकोणीस वर्षं मी ते सांगितलं नाही, माझी चूक झाली. आता ऐका. कावेना. इथे थांबायचं, घशात, थोडंसं. मग उला. तांबडं फुटतं तेव्हा आकाशात जी लाली असते, ती. न थांबता म्हणालात तर तिला काही अर्थ नाही, ती नुसती खोकल्यासारखी ऐकू येते. म्हणा."

"कावेना... उला," लोक म्हणाले. थोडे पुढे, थोडे मागे.

"डावीकडची टेबलं झोपली आहेत. पुन्हा."

"कावेना-उला!"

"परवान्यावाचून कोण नाचलं?"

"कावेना-उला!" या वेळी सगळे एकत्र होते, आणि थांबायचं तिथे तीनशे दहा माणसं थांबली. हिरवळीच्या टोकाला माडांत बसलेले कोंबडे दचकून ओरडले. मागे स्टेजवरच्या बाराजणींचे आवाजही त्यात होते. लाहेलाने वळून पाहिलं नाही, पण नोहेआचा आवाज तिला वेगळा ओळखू आला.

तिने वाकून इपू उचलला आणि शेवटची थाप मारली. गाणं पुरं झालं.

टाळ्या पडल्या, बऱ्याच वेळ. मग माईक खरखरला आणि डेनचा आवाज आला, जरासा उंच: "आणि आता, ताहिती बेटाचा नाच!" ढोल सुरू झाले.

मांडवात तासी पेटवायच्या तयारीत उभा होता. त्याने काही विनोद केला नाही. लाहेलाची काठी त्याने आणून ठेवली होती, ती तिच्या हातात दिली, आणि नाकाला नाक लावलं.

ढोल चालू असतानाच डेन आत आला. घामाने जास्वंदीची फुलं त्याच्या पाठीला चिकटली होती.

"हे काय केलंत तुम्ही?"

"शेवट."

"त्या कंपनीच्या बाई मला विचारतायत, आमचं नाव कुठे गेलं. काय सांगू मी त्यांना?"

"सांग, तुम्ही नाचला नव्हतात."

तासी पाठ फिरवून खोकला.

"आंटी, मला तुम्हाला ठेवता येणार नाही," डेन म्हणाला. त्याचा चेहरा लालेलाल झाला होता, आणि तो अकरा वर्षांचा असताना चुकीचं पाऊल टाकल्यावर व्हायचा तसाच दिसत होता. "मी वर काय तोंड दाखवू? उद्यापासून येऊ नका. मी रेकॉर्डिंग लावीन."

"लाव. माझा आवाज तेव्हा बरा होता." लाहेला इपूभोवती टॉवेल गुंडाळत होती. "पण ते रेकॉर्डिंग कुठे संपतं, आठवतंय ना?"

रेकॉर्डिंग 'विचारलंत, तर ऐका' इथे संपत होतं. पुढची हाक नेहमीच मुलींची असायची, जिवंत, स्टेजवरून. ती रेकॉर्ड करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"काढूनच टाकीन गाणं," तो म्हणाला.

"तेही चालेल. पत्रिकेत दुसरं काहीतरी दीडशे वर्षांचं छाप."

बाहेर ढोल थांबल्यावर तो माईक सावरत पळाला. त्याचा आवाज पुन्हा हिरवळीवरून आला. "मी म्हणेन ते तुम्ही म्हणायचं!" या खेपेला उत्तर जरा उशिरा आलं.

लाहेला मागच्या दाराने जाऊ शकली असती. गाडी तिकडेच होती. ती काठी टेकत पुढून, टेबलांच्या मधून निघाली. गुडघा दुखत होता म्हणून सावकाश, आणि एरवीही ती सावकाशच गेली असती. ती जवळ आली की माणसं काटे खाली ठेवत होती. रताळं सोलणारा माणूस अर्धवट उठला आणि त्याने खुर्ची ओढून तिला वाट करून दिली.

ती गाडीपाशी पोहोचली तेव्हा मागून अनवाणी पावलं ऐकू आली. नोहेआ होती. पुढच्या नाचाचा पिवळा घागरा कमरेला अर्धा बांधलेला, एका हाताने गाठ धरलेली, दुसऱ्या हातात ब्राइटहार्बरचं कार्ड. कार्डाची कोरी बाजू वर होती.

"आंटी, दोन मिनिटं आहेत माझ्याकडे. पेन आहे का?"

लाहेलाने पर्समधून पेन काढून दिलं. नोहेआने कार्ड गाडीच्या टपावर ठेवलं आणि लिहायला वाकली.

"आईचं नाव काय होतं तिच्या? आणि आईच्या आईचं? सगळी एकवीस सांगा. उरलेल्या मुली विचारतायत."

"उद्या घरी ये. मुलीलाही आण. एवढ्याशा कार्डावर मावणार नाहीत ती."

"मग आज एवढंच." नोहेआने लिहिलं, थांबली, पुन्हा लिहिलं. मग डोकं वर करून विचारलं, "थांबायचं ते 'उला'च्या आधी, बरोबर? घशात?"

"घशात," लाहेला म्हणाली. "म्हणून दाखव."